उन्हाळ्याचा आकडा

काका कोणत्याही वस्तूला पहिला हात उलटा लावायचे. तळहात नाही, हाताची मागची बाजू. मोटर असो, चहाचा कप असो, नाहीतर उन्हात उभी राहिलेली कुणाची मोटरसायकल असो. बोटं आधी जवळ न्यायची, थोडं थांबायचं, मग टेकवायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्यांच्या तळहाताला भाजलेलं असेल. मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "तळहात चिकटते पोरी. करंट असला तं मूठ आवळल्या जाते, मंग सोडतो म्हटलं तरी सुटत नाही. उलटा हात आपोआप मांगं येते." एवढं सांगून त्यांनी माझ्या कॉम्प्युटरच्या डब्याला उलटा हात लावला आणि म्हणाले, "हा तं गारच हाये. काय तक्रार हाये याची?"

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत अगदी शेवटच्या रांगेत त्यांचं टिनाचं शेड होतं. मूळ धंदा मोटर वाइंडिंगचा. जळालेल्या पंपाच्या मोटरी यायच्या, काका त्यातली काळी पडलेली तार काढून नवी भरायचे. शेडच्या दुसऱ्या बाजूला एक लांब टेबल होतं आणि त्यावर झाकणं काढलेले तीन-चार कॉम्प्युटर नेहमी पडलेले असायचे. आजूबाजूच्या छोट्या कारखान्यांमध्ये जुने कॉम्प्युटर होते. नवीन घ्यायची कुणाची तयारी नसायची आणि जुनं टाकून द्यायचीही नसायची. काकांनी सुरुवात केली ती त्यांचे जळलेले पॉवर सप्लाय दुरुस्त करण्यापासून, कारण त्यात तारेची गुंडाळी होती आणि ती त्यांच्या ओळखीची होती. तिथून ते प्रोसेसरपर्यंत पोचले. इंटरनेटवर ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला ते नुसतं 'वाढवणं' म्हणत. "कंपनीनं ज्या स्पीडवर ठेवला तेवढाच त्याचा दम असते असं नाही," ते म्हणायचे. "पण दम किती हाये हे त्यालेच इचारा लागते. आपण ठरवून नाही चालत."

सगळ्यांचं ते वाढवून देत नसत. एकदा माझ्यासमोरच एका धर्मकाट्याचा मालक आला. गाड्यांचं वजन करायच्या कॉम्प्युटरचा स्पीड वाढवून पाहिजे होता, तुरीच्या हंगामात रांग लागते म्हणाला. काका वाइंडिंगच्या तारेवरून नजर न काढता म्हणाले, "वजनाच्या मशीनले घाई नोको."

"अहो पण स्टुडिओवाल्याचं करून देल्लं ना तुमी?"

"त्याचं चुकलं तं नवरीचं तोंड हिरवं दिसन. तुझं चुकलं तं शेतकऱ्याचा माल कमी भरन. धूळ काढून देतो, थे घेऊन जा." मालक धूळ काढून घेऊन गेला.

तो स्टुडिओवाला दारव्ह्याचा. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचा. त्याचंच जुनं मशीन मी घेतलं होतं. आमचं गाव दारव्ह्यापासून जवळ. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे कॉम्प्युटर कसा घ्यायचा हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. स्टुडिओवाला म्हणाला, "चार कोअरचा हाये ताई, जुना हाये पण पट मोकळे हायेत. लोहाऱ्याच्या काकायले दाखवजा, ते वाढवून देतीन." बाबांनी मशीन पांढऱ्या पोत्यात घालून काळीपिवळी जीपच्या टपावर नीट बांधून यवतमाळला माझ्या रूमवर आणून दिलं. पट मोकळे म्हणजे काय ते त्यांनी मला विचारलं नाही, आणि मलाही माहीत नव्हतं.

मला मशीन लागत होतं ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी. कपाशीच्या पानाचा फोटो पाहून लाल्या आहे की दुसरा रोग, हे सांगणारा प्रोग्राम मी करत होते. फोटो बाबांनी आणि मी मिळून आमच्या आणि शेजारच्या वावरांतून काढले होते. पण ते सगळे फोटो एकदा प्रोग्रामला शिकवायचे म्हणजे माझ्या मशीनवर पूर्ण चार दिवस आणि चार रात्री जात. चुकलं की पुन्हा चार दिवस. नागपूरच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलेलं होतं, त्यात त्याच वर्षी पास होण्याची अट होती. प्रोजेक्ट वेळेत गेला नसता तर वर्ष गेलं असतं आणि पत्रही. दुसरं पत्र येईल असं समजण्याइतकी आमची कुणाची हिंमत नव्हती.

जानेवारीत काकांनी मशीन पहिल्यांदा उघडलं. आधी ब्लोअरने धूळ काढली. ब्लोअर मारताना त्यांनी पंख्याच्या पात्यावर बोट धरून ठेवलं होतं, हवेने पंखा उलटा फिरून खराब होऊ नये म्हणून. मग प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधला, उष्णता वाहून नेणारा सुकलेला लेप पुसून नवा लावला, तुरीच्या दाण्याएवढा. मी म्हटलं, एवढासा पुरेल का? "जास्त लावला तं चांगला होत नाही. भाकरीवर लोणी नाही लावून राह्यलो आपण." एका मेलेल्या मशीनचा मोठा कूलर त्यांनी काढून ठेवला होता. त्याची पकड माझ्या बोर्डाला बसत नव्हती, तर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापून नवी पकड केली. पॉवर सप्लाय हातात घेऊन फक्त वजन पाहिलं. "हलका हाये, तांबं कमी हाये," म्हणाले, "पण थंडीत चालून जाईन."

त्यानंतर आकडा, म्हणजे प्रोसेसर मूळ ठोक्याच्या किती पट वेगाने चालेल तो; पट मोकळे म्हणजे हा आकडा बदलता येतो. मूळचा तेहतीस पट होता. काकांनी चौतीस केला, मशीन सुरू केलं, पूर्ण ताण देणारा प्रोग्राम लावला आणि मोटरीकडे गेले. अर्ध्या तासाने येऊन स्क्रीनवरचं तापमान पाहिलं, मागच्या जाळीला उलटा हात लावला, पस्तीस केला. असा तो सगळा दिवस गेला. मी स्टुलावर बसून होते. बेचाळीसवर मशीन अडकलं. एक्केचाळीसवर दोन तास टिकलं. मला वाटलं झालं. काकांनी एकोणचाळीस केला.

"टिकलं होतं ना एक्केचाळीसवर?" मी म्हटलं.

"टिकलं. म्हून दोन कमी. जिथं टिकते तिथं राहाचं नसते, तिथून दोन कमी राहाचं."

हा त्यांचा नियमच होता. काकू दुपारचा डबा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "घरी पन असंच हाये बाई. चार भाकरीची भूक असली तं दोनच खाते हा माणूस, अन् मले म्हणते तू जास्त केल्या." काका म्हणाले, "केल्याच ना तू जास्त." आणि दोन भाकरी खाऊन उठले.

व्होल्टेजला मात्र त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. ते एकच गोष्ट मला बजावून सांगितली. "स्पीडनं मशीन दमते, व्होल्टेजनं जळते. दमलं तं उठते. माह्याकडे रोज जळलेल्या मोटरी येतेत, म्या पाहेल हाये." मग त्यांनी विचारलं, "रूमवर टिन हाये का स्लॅब?" मी सांगितलं, टिन. मोटरीच्या खाचेत घालतात त्या पिवळट इन्सुलेशन कागदाची एक पट्टी कापून त्यांनी बॉलपेनने लिहिलं, 'हिवाळा ३९', आणि खाली 'उन्हाळा', त्यापुढे जागा कोरी ठेवली. पट्टी डब्याच्या दाराला आतून चिकटवली. एका जाड वहीतही माझं नाव, टिन, आणि तो आकडा लिहिला. "होळी झाली का घेऊन येजो. हा जानेवारीचा आकडा हाये, मार्चचा नाही."

होळी झाली आणि मी गेले नाही. कंटाळा म्हणून नाही. प्रोग्राम शिकत होता, तो मध्ये थांबवावा लागला असता. यवतमाळला मार्चच्या शेवटी टिनाखाली दुपारी काय होतं हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण कॉम्प्युटरलाही ते होईल असं मनात आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मशीन अडकलं. तीन दिवसांचं काम गेलं. मी पुन्हा लावलं, पुन्हा अडकलं. तेव्हा मी इंटरनेटवर शोधलं. एकाने लिहिलं होतं की माझ्याच प्रोसेसरवर व्होल्टेज थोडं वाढवलं की तो बेचाळीसवरही दगडासारखा चालतो. त्याने आकडे दिले होते, फोटो दिले होते. मी ते आकडे जसेच्या तसे लावले. मशीन सकाळभर चांगलं चाललं. दुपारी तापमान सत्त्याण्णववर गेलेलं मला दिसलं, आणि मी खुर्चीवरून उठेपर्यंत मशीन बंद झालं. खोलीत जळल्याचा वास होता. प्रोजेक्ट द्यायला सहा दिवस राहिले होते.

मी ते चादरीत बांधलं आणि ऑटोने लोहाऱ्याला गेले. काका एका मोटरीत तार भरत होते. त्यांनी हातातलं पूर्ण केलं, डबा उघडला, उलटा हात आधी प्रोसेसरच्या कूलरवर धरला, मग पॉवर सप्लायवर. वाकून वास घेतला.

"किती वाढवलं?"

मी सांगितलं.

"व्होल्टेज?"

मी तेही सांगितलं.

"कोनं सांगतलं?"

"इंटरनेटवर होतं."

"थो माणूस कुठचा हाये?"

"माहीत नाही. बाहेरच्या देशातला असेल."

"त्याच्या गावात बरफ पडत असन," काका म्हणाले. "आकड्यासंग गावाचं नाव पायजे. नुसत्या आकड्याचं काय करतं?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पॉवर सप्लाय काढून बाजूला ठेवला, तो गेला होता. प्रोसेसर आणि बोर्ड दुसऱ्या सप्लायवर लावून पाहिले. पंखा फिरला, स्क्रीन आली. मग ते टेबलाच्या टोकाला गेले, तिथे त्यांचं स्वतःचं मशीन होतं. त्याचा जड पॉवर सप्लाय त्यांनी काढला आणि माझ्या डब्यात बसवला. मी म्हटलं, तुमचं काम अडेल. "माह्या कामाले पेन चालते," ते म्हणाले.

चाचणी दुसऱ्या दिवशी घेऊ म्हणाले, भर दुपारी बाराला. मी बाराला पोचले तेव्हा शेडमधला कूलर चालू होता. काकांनी तो बंद केला. काकू डबा घेऊन आलेल्या होत्या, त्या म्हणाल्या, "कूलर काहून बंद केला? मारता का पोरीले?" काका म्हणाले, "तिच्या रूमवर कूलर हाये का?" माझ्या खोलीत कूलर नव्हता. काकू पदराने वारा घेत बसल्या. उन्हाने तापून टिन वाजत होतं. काकांनी पुन्हा तेहतीसपासून सुरुवात केली. व्होल्टेज मूळचं. एकोणचाळीसवर अडकलं. अडतीसवर टिकलं. त्यांनी छत्तीस केला.

मी कागदावर हिशेब केला. छत्तीसवर सगळं शिकून व्हायला पावणेचार दिवस लागणार होते. माझ्याकडे पाच होते, त्यातला आजचा अर्धा गेला होता. मी म्हटलं, "काका, सदतीस तरी करा."

"मधात बंद पडलं तं किती दिवस लागतीन?"

मी हिशेबाच्या कागदाची घडी केली.

"मधे मधे जपून ठेवता येत नाही का? टाकी भरून ठेवतो तसं. लाइन गेली तरी टाकीतलं पाणी कुठं जाते?"

प्रोग्राममध्ये तशी सोय होती. मी ती वापरलेली नव्हती, कारण डिस्कवर जागा कमी होती आणि आमच्या सरांनी ते सांगितलं नव्हतं. त्या दिवशी शेडमध्ये बसून मी ती चालू केली, दर दोन तासांनी जपून ठेवायची. काकांनी पट्टीवरच्या कोऱ्या जागेत आणि वहीतही लिहिलं, '३६'. जाताना म्हणाले, "हळू जाईन, पण जाईन."

ते गेलं. चार दिवसांत दोनदा लाइन गेली आणि दोन्ही वेळा मशीन जिथे होतं तिथून पुढे सुरू झालं. पाचव्या दिवशी सकाळी मी बाबांना फोन करून आमच्या वावरातल्या एका पानाचा फोटो पाठवायला सांगितला. प्रोग्रामने लाल्या सांगितला. बाबा म्हणाले, "बरोबर हाये." प्रोजेक्ट वेळेत गेला. मी पास झाले. नोकरी मिळाली. हे सगळं दोन ओळींत लिहिता येतं, कारण ते घडत असताना मला फार काही वाटलं नव्हतं. मी दर तासाला फक्त तापमान पाहत होते.

पहिल्या पगारात मी काकांसाठी तापमान मोजायची गन घेतली, लांबून रोखली की आकडा दाखवते ती. त्यांनी ती घेतली, कौतुक केलं. मग एका चालू मोटरीला उलटा हात लावून म्हणाले, "बासष्ट." गन रोखली. चौसष्ट. "बरोबर सांगून राह्यली गन," असं म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवली. काकू म्हणाल्या, आता ती दिवाळीत पूजेला निघन.

मशीन मी नागपूरला घेऊन गेले. कंपनीचा लॅपटॉप होता, पण शिकण्याचं स्वतःचं काम मी याच्यावर करायचे. मशीन उचलून लोहाऱ्याला न्यायचं कारण नव्हतं. पण होळीनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मी काकांना फोन करायचे. ते विचारायचे, "टिन का स्लॅब?" मी सांगायचे, "स्लॅब, पण वर गच्ची आहे." ते वही उघडायचे, पहिल्याच फोनला त्यांनी तिथे टिन खोडून स्लॅब लिहून घेतलं होतं. आकडा मला पाठ होता, दारावरच्या पट्टीवरही होता, तरी ते वहीतूनच वाचून सांगायचे. मी लावायचे. मशीन सुरू होऊन नीट चालेपर्यंत ते फोन ठेवायचे नाहीत. मागे मोटरीचा आवाज यायचा. मग म्हणायचे, "हात लावून पाह्य." मी जाळीला उलटा हात लावायचे आणि ठीक आहे म्हणायचे. असे किती फोन झाले ते मी मोजलेले नाहीत.

या दिवाळीनंतर मी फोन केला नाही. ऑफिसात काम होतं. पुढच्या रविवारी करू म्हटलं, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग त्यांच्याच नंबरवरून फोन आला. मी म्हटलं, "काका, विसरले मी, आज लावते." पलीकडून काकू बोलल्या. दुपारी शेडमध्येच गेले, म्हणाल्या. मी "हो" म्हटलं. तेरवी कधी आहे ते विचारलं. फोन ठेवून मी भांडी घासायला घेतली, ती घासून झाली.

तेरवीला गेले तेव्हा शेडमध्ये सगळं तसंच होतं. अर्धी तार भरलेली एक मोटर टेबलावर होती. काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "डबा घेऊन गेली तं खुर्चीत होते. झोपले वाटलं. म्या उलटा हात लावून पाह्यला, त्यायच्यासारखा." मी त्यांच्याकडे पाहिलं. मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

तेवढ्यात त्यांच्या मांडीवरचा काकांचा फोन वाजला. कुणीतरी दालमिलवाला होता. काकूंनी वही उघडली, बोट फिरवत एका ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "टिन लिवलं हाये. हिवाळा अडतीस." फोन ठेवून मला म्हणाल्या, "येतेत असे फोन. दिवाळी झाली ना. काईजनायले माहीत नाही ते गेले म्हून, मी सांगत नाही. आकडा इचारतेत, मी आकडा देते." मग वही मिटत म्हणाल्या, "तुझा नाही आला यंदा."

मी म्हटलं, "हो."

नागपूरला परत आल्यावर मशीन सुरू केलं, आकड्याची स्क्रीन उघडली. छत्तीस होता. एकोणचाळीस करायला दोन मिनिटं लागली असती, मला सगळं येत होतं, काकांनीच शिकवलं होतं. मी तशीच बाहेर आले. पूर्ण हिवाळा मशीन उन्हाळ्याच्या आकड्यावर चाललं. काही बिघडलं नाही, फक्त हळू चाललं.

होळी झाल्यावर मी फोन केला. लावायचं काहीच नव्हतं. काकूंनी फोन उचलला, मी नाव सांगितलं. "थांब, वही आणते," त्या म्हणाल्या. पानं उलटल्याचा आवाज आला.

"टिन का स्लॅब?"

"स्लॅब. वर गच्ची आहे."

"हो, तसंच लिवलं हाये. उन्हाळा छत्तीस."

"लावला," मी म्हटलं.

"चालू होऊ दे. फोन ठेवू नोको."

मी मशीन सुरू केलं. पंखा फिरायला लागला. आम्ही दोघी थांबलो. पलीकडे मोटरीचा आवाज नव्हता.

"हात लावून पाह्य," काकू म्हणाल्या.

मी जाळीला उलटा हात लावला.

"गरम हाये का?"

"नाही. कोमट आहे."

"मंग ठीक हाये," त्या म्हणाल्या. "दिवाळीत करजो फोन."